सामान कोणाचे, कोणाच्या हाती?



विमानतळाच्या आधुनिकीकरणाची चर्चा निघाली की डोळ्यांपुढे उभी राहतात ती काचेची भव्य दालने, चकचकीत फरशी, रांगेने मांडलेली दुकाने. नव्या विमानतळाची छायाचित्रे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतात तीही याच गोष्टींची. परंतु विमानतळ खऱ्या अर्थाने आधुनिक आहे किंवा नाही, हे ठरते ते या दालनाच्या तळघरात, जेथे छायाचित्रकार सहसा जात नाही. प्रवासी आपली बॅग काउंटरशेजारच्या पट्ट्यावर ठेवतो, पट्टा सरकतो, रबरी झालरीआड ती दिसेनाशी होते आणि काही तासांनी शेकडो कोसांवरच्या शहरात तशाच एका झालरीतून पुन्हा प्रकट होते. मधल्या काळात तिचे काय होते, हे त्याला ठाऊक नसते. बॅग आली नाही म्हणजेच त्या पडद्याआडच्या जगाचे स्मरण होते, आणि तेही क्रोधाच्या रूपाने.

आज विचार करावयाचा आहे तो या पडद्याआडच्या व्यवस्थेचा. हा विषय सोयीचा आहे, वेगाचा आहे, असे सामान्यतः मानले जाते. किती मिनिटांत बॅग हाती पडली, हाच निकष लावला जातो. वस्तुतः वेग हा या व्यवस्थेचा दुय्यम गुण होय. ही बॅग कोणाची आहे, ती ज्याची आहे तो माणूस विमानात बसला आहे काय, आणि या क्षणी ती कोणाच्या हाती आहे, हे मूळ प्रश्न आहेत. ज्या व्यवस्थेला या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही क्षणी देता येतात, तिच्याकडे वेग आपोआप येतो. जिला ती देता येत नाहीत, तिच्या हाती कितीही महागडी यंत्रे दिली तरी अनर्थ टळत नाही. या विधानाला पुरावा हवा असेल, तर तो दुर्दैवाने रक्ताने लिहिलेला आहे. आणि त्या रक्तात भारतीय रक्त फार मोठ्या प्रमाणात आहे.

२ ऑगस्ट १९८४ ची रात्र. मद्रासच्या मीनंबाक्कम विमानतळावर कोलंबोला जाणाऱ्या विमानासाठी एका प्रवाशाने दोन बॅगा सोपविल्या आणि तो स्वतः मात्र विमानात चढला नाही. त्या बॅगा विमानातून उतरवून विमानतळाच्या इमारतीत ठेवण्यात आल्या. त्यांत स्फोटके असल्याची सूचना दूरध्वनीवरून आली होती. तरीही त्या वेळीच दूर नेल्या गेल्या नाहीत. स्फोट झाला, छत कोसळले आणि तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, येथे मालकाविना बॅग विमानात राहू दिली नव्हती. अर्धे कर्तव्य पार पडले होते. उतरविलेल्या बॅगेचे पुढे काय करावयाचे, तिची जबाबदारी कोणाची, हे उरलेले अर्धे कर्तव्य मात्र कोणाच्याच वाट्याचे नव्हते.

या घटनेला वर्ष होण्यापूर्वीच ‘कनिष्क’चा घात झाला. ही कथा अनेकांना ढोबळ रूपाने माहीत आहे. पण सामान-व्यवस्थेच्या दृष्टीने ती क्रमाने पाहण्यासारखी आहे. २२ जून १९८५ रोजी कॅनडातील व्हँकुव्हर विमानतळावर एक मनुष्य काउंटरपाशी आला. टोरोंटोपर्यंतचे त्याचे तिकीट पक्के होते. पुढे एअर इंडियाच्या विमानात मात्र त्याची जागा निश्चित नव्हती. जागा निश्चित नसेल तर बॅगेवर पुढच्या विमानाचा टॅग लावावयाचा नाही, असा नियम होता, आणि काउंटरवरील कर्मचाऱ्याने तो सांगितलाही. त्या मनुष्याने हट्ट धरला. मागे रांग वाढत होती. अखेर वाद नको म्हणून टॅग लावला गेला. बॅग टोरोंटोकडे निघाली. मनुष्य निघाला नाही. त्याची आसनजागा रिकामी गेली आणि त्याच्या बॅगेची विचारपूस कोणी केली नाही.

टोरोंटोला ती बॅग एअर इंडियाच्या सामानात मिसळली. तेथे क्ष-किरण यंत्राने तपासणी चालू होती. पण ते यंत्र मध्येच बंद पडले आणि उरलेल्या बॅगा हाती धरावयाच्या एका शोधक उपकरणाने तपासल्या गेल्या. हे उपकरण अशा कामासाठी विश्वासार्ह नव्हते. मॉन्ट्रियलला संशयावरून तीन बॅगा बाजूला काढण्यात आल्या. त्यांत काहीही निघाले नाही. जी बॅग शोधावयाची होती ती विमानाच्या पोटात होती. २३ जूनच्या सकाळी आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर, अटलांटिक महासागरावर सुमारे ३१ हजार फूट उंचीवर ‘कनिष्क’चे तुकडे झाले. ३२९ जीव गेले. त्यांतील बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते, पण मूळचे भारतीय. उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांना आजोळ दाखवावयास निघालेली कितीतरी कुटुंबे त्यांत होती.

त्याच कटातील दुसरी बॅग व्हँकुव्हरहून टोकियोला गेली होती. ती नारिता विमानतळावर एअर इंडियाच्या बँकॉककडे जाणाऱ्या विमानात चढवावयाची होती. ‘कनिष्क’च्या ५५ मिनिटे आधीच, एका विमानाचे सामान दुसऱ्या विमानाकडे नेले जात असताना तिचा स्फोट झाला आणि सामान हाताळणारे दोन जपानी कामगार जागीच ठार झाले. खलिस्तानी दहशतवादाच्या बळींची मोजदाद होते तेव्हा या दोन कामगारांचा उल्लेख क्वचितच होतो. त्यांचा कोणाशी वैरभाव नव्हता. परक्या देशातील परक्या भांडणाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. ती बॅग त्या क्षणी त्यांच्या हाती होती, इतकेच.

या प्रकरणी सर्वात बोचणारी गोष्ट अशी की, एअर इंडियाने १ जून १९८५ रोजीच इशारा दिला होता. अतिरेकी प्रवाशांच्या सामानातून कालस्फोटके विमानात ठेवण्याचा प्रयत्न करतील, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तो कॅनडाच्या यंत्रणेपर्यंत पोहोचला, पण जेथे पोहोचावयास हवा होता तेथे पोहोचला नाही. कॅनडाला आपल्या चुकांची संपूर्ण चौकशी करून ती मांडावयास पंचवीस वर्षे लागली; न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाचा अहवाल २०१० साली आला. भारतात न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांनी १९८६ च्या आरंभीच आपला अहवाल दिला होता. ज्या नागरी विमान सुरक्षा ब्यूरोचे नाव आज विमानतळावर पदोपदी दिसते, तो १९७८ पासून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातील एक कक्ष म्हणून काम करीत होता. ‘कनिष्क’नंतर १ एप्रिल १९८७ रोजी त्याला स्वतंत्र खात्याचे रूप मिळाले.

जगाने मात्र या धड्यातून पुरते शहाणपण घेतले नाही. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकर्बी गावावर पॅन ॲम कंपनीचे विमान कोसळले. विमानातील २५९ आणि जमिनीवरील ११, असे २७० बळी गेले. माल्टाहून निघालेली, फ्रँकफुर्टला विमान बदललेली आणि लंडनला पुन्हा विमान बदललेली ती बॅग होती. तिच्यासोबत कोणीही प्रवासी नव्हता. व्हँकुव्हर, टोरोंटो, मॉन्ट्रियल ही साखळी जिने अभ्यासली असती, तिला ही दुसरी साखळी ओळखू आली असती. भारतीय वंशाची तीनशे माणसे मेली तेव्हा पाश्चात्त्य जग जागे झाले नाही. ते खडबडून जागे झाले लॉकर्बीनंतर. हे कटू असले तरी नमूद केले पाहिजे. प्रवासी विमानात नसेल तर त्याची बॅगही विमानात नसावी, हा नियम आंतरराष्ट्रीय व्यवहारात कठोरपणे लागू होण्यास या दोन्ही घटना कारणीभूत ठरल्या.

भारताने या नियमाचे पालन त्या काळी कसे केले, हे आज पन्नाशी ओलांडलेल्या प्रवाशांना आठवत असेल. विमानाच्या पायऱ्यांपाशी, उन्हातान्हात, सामान ओळीने मांडलेले असे. प्रत्येक प्रवासी चालत जाऊन आपल्या बॅगेवर बोट ठेवी. मगच ती विमानात चढे. जिच्यावर कोणीच बोट ठेवले नाही, ती तेथेच राही. परदेशी पाहुणे या पद्धतीची थट्टा करीत. पण नीट विचार केला तर असे दिसते की, ना संगणक, ना बारकोड, अशा स्थितीत प्रवासी आणि बॅग यांचा मेळ घालण्याचा याहून खात्रीचा मार्ग नव्हता. श्रीनगर, लेह यांसारख्या ठिकाणी ही पद्धत पुढेही बराच काळ टिकली. तिचा दोष एकच: दोन-चारशे प्रवाशांच्या विमानाला आणि तासाला डझनावारी उड्डाणे असलेल्या विमानतळाला ती पुरी पडणे शक्य नव्हते. तेव्हा आधुनिकीकरणाचा खरा अर्थ असा की, त्या प्रवाशाच्या बोटाने जे काम केले तेच काम, तितक्याच खात्रीने, यंत्राकडून करून घ्यावयाचे.

ते काम कसे होते, हे थोडक्यात सांगावयास हवे. काउंटरवर बॅगेला जो कागदी टॅग गुंडाळला जातो, त्यावर उभ्या रेघांखाली दहा आकड्यांचा क्रमांक असतो. त्यातील दुसरा ते चौथा हे आकडे विमान कंपनीचे. एअर इंडियाचा संकेतांक ०९८ आहे. शेवटचे सहा आकडे त्या बॅगेचे. टॅग छापला जाताच एक संदेश संगणकातून सामान-व्यवस्थेकडे जातो: या क्रमांकाची बॅग, या प्रवाशाची, या विमानाने, या गावी. त्यानंतर बॅग कोणत्याही वळणावर आली की वाचक यंत्र तो क्रमांक वाचते आणि तिला योग्य फाट्यावर वळविते. प्रवासी विमानात चढला नाही, तर त्याच्या नावावरील क्रमांक लाल होतो आणि विमानाच्या पोटात नेमक्या कोणत्या पेटाऱ्यात त्याची बॅग आहे, ते लोडरला कळते. प्रवाशाच्या सामानाला अर्धा भाग त्याच्या हाती आणि अर्धा सामानाला, अशी दुहेरी चिठ्ठी लावण्याची कल्पना कॅनडातील मंक्टनच्या जॉन मायकेल लायन्स यांनी १८८२ साली पेटंट केली होती, तीही रेल्वेसाठी. मूळ तत्त्व तेव्हापासून तेच आहे.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. जुन्या प्रवासाचे टॅग बॅगेवर तसेच ठेवण्याची हौस अनेकांना असते. वाचक यंत्राला दोन क्रमांक दिसले की ते गोंधळते, बॅग बाजूला पडते आणि मग माणसाला हाताने तिची नोंद करावी लागते. पुष्कळशा ‘हरवलेल्या’ बॅगांचे मूळ एवढ्याशा गोष्टीत असते.

पूर्वी विमानतळात शिरताच सामान आधी क्ष-किरण यंत्रातून जाई. यंत्रापुढे रांग, मग प्लॅस्टिकची पट्टी आवळणे, मग काउंटरपुढे पुन्हा रांग, असा तो द्राविडी प्राणायाम असे. शिवाय तपासणीनंतर काउंटरपर्यंतच्या अवधीत बॅग पुन्हा प्रवाशाच्याच ताब्यात असल्यामुळे सगळी भिस्त त्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर. आता मोठ्या विमानतळांवर तपासणी पट्ट्याच्या मार्गातच होते. बॅग सोपविली की ती खाली जाते. पहिल्या पायरीवर यंत्रच तिची परीक्षा करते आणि निर्दोष बॅगांना पुढे सोडते. संशयास्पद बॅगेचे चित्र पडद्यासमोर बसलेल्या तपासनिसापुढे येते. त्याचेही समाधान झाले नाही तर अधिक सूक्ष्म यंत्र, आणि अखेर प्रवाशाला बोलावून त्याच्यासमक्ष बॅग उघडणे. दिल्लीचे तिसरे टर्मिनल २०१० मध्ये आणि मुंबईचे नवे दुसरे टर्मिनल २०१४ मध्ये सुरू झाले, ते अशाच व्यवस्थेसह. बॅग एकदा हातातून सुटली की विमानतळ तिचा जबाबदार, ही यातील मोठी सुधारणा होय.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, यंत्रे आणली म्हणजे झाले. त्याने अमेरिकेतील डेन्व्हर नगरीचा इतिहास अवश्य वाचावा. तेथील नव्या विमानतळासाठी जगातील सर्वांत पुढारलेली सामान-व्यवस्था उभारण्याचे ठरले. सुमारे चार हजार छोट्या गाड्या संगणकाच्या आज्ञेने रुळांवरून धावतील, प्रत्येक गाडीत एक बॅग, माणसाचा हात कोठेही लागणार नाही. कल्पना मोहक होती. पण ती सुचली तेव्हा इमारतीचे काम बरेच पुढे गेले होते. रूळ घालावयास मिळाले ते उरलेल्या अरुंद जागेतून, तीव्र वळणांनी. काम चालू असतानाच विमान कंपन्यांनी आपल्या मागण्या बदलल्या आणि त्या मान्यही झाल्या. म्युनिकच्या विमानतळावर याहून साधी व्यवस्था होती, तरी तिच्या चाचणीला दोन वर्षे दिली गेली आणि उद्घाटनापूर्वी सहा महिने ती अहोरात्र चालवून पाहिली गेली. हे उदाहरण डेन्व्हरपुढे होते. त्यांनी ते पाहिले नाही असे नव्हे. घाईने त्यांचे डोळे बांधले होते.

१९९४ च्या वसंतात वार्ताहरांना बोलावून प्रात्यक्षिक दाखविण्यात आले. गाड्या एकमेकींवर आदळल्या, बॅगा फाटल्या, आतील कपडे रुळांवर विखुरले आणि ते दृश्य कॅमेऱ्यांनी टिपले. ऑक्टोबर १९९३ मध्ये उघडावयाचा विमानतळ २८ फेब्रुवारी १९९५ रोजी उघडला, सोळा महिने उशिराने, आणि तोही साध्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची पर्यायी व्यवस्था उभारून. स्वयंचलित यंत्रणेचा तुटपुंजा भाग एकाच कंपनीच्या वापरात राहिला. २००५ मध्ये तिनेही तो सोडून दिला, कारण त्याच्या देखभालीपेक्षा माणसे आणि ट्रॉल्या स्वस्त पडत होत्या.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या पाचव्या टर्मिनलची कथा याहून लहान, पण तितकीच बोधक आहे. तेथे यंत्रणा चांगली होती, हजारो स्वयंसेवकांकडून तिची चाचणीही झाली होती. २७ मार्च २००८ रोजी, पहिल्याच दिवशी, सामान हाताळणारे कर्मचारी आपली वाहने कोठे लावावीत याच्या शोधात फिरत राहिले. काहींना आपले काम कोठे आहे तेच सापडेना. काहींना संगणकात प्रवेश मिळेना. त्यात भर म्हणून, चाचणीच्या काळात संदेश अडविण्यासाठी संगणकात घातलेली एक गाळणी काढावयाची राहून गेली होती. दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांतून आलेल्या बॅगांचे संदेशच पोहोचेनात, आणि यंत्रणेच्या दृष्टीने त्या बॅगा अस्तित्वातच नव्हत्या. हजारो बॅगा शेवटी ट्रकांत भरून वर्गवारीसाठी इटलीतील मिलानला पाठवाव्या लागल्या. अब्जावधी पौंडांची इमारत, आणि कर्मचाऱ्याला गाडी लावावयास जागा नाही!

मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण अशा वेळी हटकून दिले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चाललेली ही व्यवस्था झाकणावरच्या काही रंगीत खुणांवर उभी आहे. डबा चार-पाच हातांतून जातो आणि प्रत्येक हात आपली जबाबदारी ओळखतो. हे उदाहरण योग्य आहे, पण त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. डब्याचा मार्ग रोज तोच असतो, आणि डब्यातून कोणी घात पाठवील अशी शंका कोणाला घ्यावी लागत नाही. विमानतळाला अनोळखी माणसाची, अनोळखी बॅग, रोज नव्या गावी पोहोचवावयाची असते आणि तिच्यावर संशयही घ्यावयाचा असतो. डबेवाल्यांकडून घ्यावयाचे ते वेगळेच आहे: एका हातातून दुसऱ्या हातात जाताना डबा कधीही ‘कोणाचाच नाही’ अशा अवस्थेत नसतो. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जून २०१८ पासून लागू केलेला ठराव क्रमांक ७५३ हेच सांगतो. प्रवाशाकडून बॅग घेताना, ती विमानात चढविताना, दुसऱ्या विमानाकडे सोपविताना आणि परत प्रवाशाच्या हाती देताना, अशा प्रत्येक हस्तांतराची नोंद झाली पाहिजे. बॅग हरवते ती बहुधा दोन हातांच्या मधल्या जागेत. ‘सीटा’ या संस्थेच्या जागतिक आकडेवारीनुसार २००७ मध्ये दर हजार प्रवाशांमागे जवळजवळ १९ बॅगांची हेळसांड होत असे. २०२४ मध्ये हे प्रमाण ६.३ वर आले. परंतु त्या २०२४ च्या आकड्यातही सुमारे ४१ टक्के प्रकरणे विमान बदलतानाची आहेत. आणि २०२१ मध्ये ४.३५ पर्यंत उतरलेले प्रमाण २०२२ मध्ये ७.६ वर उसळले, ते का? यंत्रे तीच होती. महामारीच्या काळात घरी पाठविलेली अनुभवी माणसे परत आली नव्हती.

बॅग कोणाच्या हाती, या प्रश्नाला आपल्या देशात अलीकडे आणखी एक पदर जोडला गेला. १५ मे २०२५ रोजी नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने सेलेबी या तुर्की मूळ असलेल्या कंपनीची सुरक्षा-मंजुरी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून रद्द केली. मुंबई-दिल्लीसह नऊ विमानतळांवर जमिनीवरील सेवा, म्हणजे सामान चढविणे-उतरविणे यांसारखी कामे, ही कंपनी करीत होती. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्याने देशात संताप होता. कंपनी न्यायालयात गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने ७ जुलै २०२५ रोजी तिची याचिका फेटाळली. या वादात एक मुद्दा जवळजवळ सर्वांच्या नजरेतून सुटला. विमानाच्या पोटापर्यंत ज्यांचा हात पोहोचतो ती सेवा ही केवळ ठेक्याची बाब नाही, हे मान्य व्हावयास इतकी वर्षे का लागावीत? ठेका देतानाच हा विचार व्हावयास हवा होता. आणि कंपनी बदलली तरी ट्रॉली ओढणारे हजारो कामगार हे येथलेच, भारतीयच आहेत. निर्णयाचा भार त्यांच्या चुलीवर पडू नये, हेही राष्ट्रहितातच बसते.

या कामगारांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. एका बॅगेचे वजन ३२ किलोपेक्षा अधिक असू नये, असा संकेत जगभर आहे, तो विमानासाठी नव्हे, उचलणाऱ्या माणसाच्या कण्यासाठी. विमानाच्या पोटात उभे राहता येत नाही. लोडर गुडघ्यांवर बसून, वाकून बॅगा रचतो. बाहेर मे महिन्याची डांबरी धग. वर पायऱ्यांवरून उतरणारा प्रवासी घड्याळ पाहत असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्यूरोने सात विमान कंपन्यांना बजावले की, इंजिन बंद झाल्यापासून दहा मिनिटांत पहिली आणि तीस मिनिटांत शेवटची बॅग पट्ट्यावर आली पाहिजे. आदेश योग्यच होता. करारात ती अट आधीपासून होती, पाळली जात नव्हती. पण ती तीस मिनिटे माणसे वाढवून गाठली जातात, की त्याच माणसांना अधिक दामटून, याचीही तपासणी त्याच कागदावर व्हावयास हवी. निर्वात नळीने बॅग उचलून देणारी साधने आज उपलब्ध आहेत. ती आणणे हे काचेच्या दालनाहून स्वस्त आहे.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून उड्डाणे सुरू झाली. एका महानगराला दोन विमानतळ झाले की एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून निघणारे प्रवासीही निर्माण होतात. त्यांची बॅग खाडीपलीकडे कोण नेणार आणि तिची जबाबदारी कोणाची, याचा विचार विमान कंपन्यांनी आत्ताच केला तर बरे. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ झाल्यावर प्रवासी चुकीच्या विमानतळावर पोहोचल्याच्या तक्रारी ऐकू आल्या. बॅगेला तर तोंडही नसते. याउलट कोल्हापूर, नांदेड, चिपी यांसारख्या लहान विमानतळांवर तळघरातील गुंतागुंतीची यंत्रणा आणण्याचा हट्ट कोणी धरू नये. दिवसाकाठी मोजकी विमाने उतरतात तेथे एक चांगले क्ष-किरण यंत्र, एक पट्टा आणि टॅगचा क्रमांक वाचणारे हातातील उपकरण पुरेसे आहे. क्ष-किरण तपासणी यंत्रे हैदराबादच्या सरकारी ईसीआयएल कंपनीने बनविली आहेत. पुढच्या पिढीची, बॅगेचा थराथराने छेद घेणारी यंत्रे मात्र अद्याप प्रामुख्याने परदेशांतून येतात. स्वदेशीचा आग्रह धरावयाचा तर तो येथे धरावा; कारण बॅगेत काय दिसले हे ठरविणारे सूत्र ज्याच्या हाती, त्याच्या हाती पुष्कळ काही असते.

प्रवाशाच्या हक्काची बाजूही माहीत असावी. भारताने २००९ मध्ये माँट्रियल करार स्वीकारला आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात २१ दिवसांत बॅग मिळाली नाही तर ती हरवली असे मानून दावा करता येतो; सामानाची मोडतोड झाली असेल तर सात दिवसांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. विमानतळ सोडण्यापूर्वीच तक्रारपत्र भरून त्याची प्रत घ्यावी, हे बहुतेकांना ठाऊक नसते. घरी गेल्यावर मग केवळ दूरध्वनी करीत राहणे उरते.

शेवटी एका लहानशा निर्णयाचा उल्लेख. सुके खोबरे विमानाच्या सामानात चालत नाही, हे ऐकून पुष्कळांना हसू येते. पण खोबऱ्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकते, म्हणून धोकादायक पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची गणना आहे. नारळही हातातील सामानात नेता येत नसे. शबरीमलेच्या यात्रेकरूंची त्यामुळे मोठी पंचाईत होई. त्यांच्या इरुमुडीत, म्हणजे डोक्यावरून वाहावयाच्या दुहेरी गाठोड्यात, तुपाने भरलेला नारळ असतो आणि तो अन्य सामानात टाकणे त्यांच्या श्रद्धेला मानवत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्यूरोने २० जानेवारी २०२५ पर्यंत, म्हणजे त्या यात्रेच्या काळापुरती, हा नारळ हातात नेण्यास अनुमती दिली. अट एवढीच होती की नारळ क्ष-किरण यंत्रातून जावा, स्फोटकांचा अंश शोधणाऱ्या उपकरणाने तपासला जावा आणि सुरक्षा कर्मचाऱ्याने तो हाती घेऊन पाहावा. यात्रेकरूंनी ती अट पाळली, नारळ तपासून घेतले आणि ते सन्निधानाकडे रवाना झाले.